बुरुज दागिन्यांचा, भांडण बांधाचं

लंडनचे बाकीचे चार दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले, ते सोडा. बिग बेनसमोर सेल्फीवाल्यांची कोपरं खाऊन वैतागलो, त्यात पाऊस, म्हणून पार्लमेंटसमोरच्या ज्युएल टॉवरमध्ये शिरलो. रस्ता ओलांडला की लगेच, पण गर्दी शून्य.

नावावरून सासूबाईंना वाटलं कोहिनूर इथेच. तो टॉवर ऑफ लंडनमध्ये, इथे आता एक अंगठीसुद्धा नाही. तिसऱ्या एडवर्डने 1365-66 मध्ये स्वतःचे दागिने नि सोन्याचांदीची भांडी ठेवायला हा तीन मजली बुरुज बांधून घेतला, गवंडी हेन्री येवेल. बाहेर खंदक, आत अरुंद गोल जिना. तळमजल्याचं दगडी छत मात्र मान मोडेस्तोवर बघत राहावं असं, कमानी जुळतात तिथे कोरलेले विचित्र चेहरे नि पक्षी.

आईंचे गुडघे दुखत होते, वर जायला तयार नाहीत. मग मी बोर्ड वाचून सांगायला लागले की बुरुज तेव्हाच्या राजवाड्याच्या (आज पार्लमेंट आहे तिथल्या) कोपऱ्यात बसेना म्हणून शेजारच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या मठाची जमीन दाबली...

"म्हणजे बांध कोरला की गं!" आई एकदम ताठ बसल्या.

हो, आणि मठवाल्यांचा राग राजापेक्षा त्याच्या कारभाऱ्यावर, विल्यम अशबोर्नवर. त्यांची गोष्ट अशी की त्याने तिथल्या पाण्यात मासे पाळले आणि त्यातलाच एक खाताना घशात अडकून मेला. खरंखोटं मठवाले जाणोत. आई म्हणाल्या, "बरं झालं." आणि गुडघे विसरून जिना चढल्या!

वर गेल्यावर कळलं, 1512 मध्ये राजवाड्याला आग लागल्यावर राजे तिथे राहिनासे झाले आणि पुढे बुरुजात दागिन्यांच्या जागी कागद आले. पार्लमेंटच्या वरच्या सभागृहाचं, म्हणजे लॉर्ड्सचं दफ्तर 1621 ते 1864 इथे होतं, म्हणून 1834 च्या पार्लमेंटच्या आगीत वाचलं, खालच्या सभागृहाची, कॉमन्सची जुनी कागदपत्रं पार जळाली. मग 1869 पासून वजनमापवाल्यांचं ऑफिस. मला खरं तर हाच भाग जास्त आवडला, पण आईंचं लक्ष कधीच उडालेलं.

हॉटेलवर आल्या आल्या त्यांनी गावी माझ्या दिरांना फोन लावला. पोचलो, जेवलो, काही नाही, पहिला प्रश्न, "मोजणीचा अर्ज दिलास का रे?"