तोंडावरच्या पट्टीबद्दल, एकदाचं

होय, मी रात्री तोंडाला पट्टी लावून झोपते. मेडिकलमध्ये मिळते ती कागदी पट्टी, बोटभर रुंद, नाकाखालून हनुवटीपर्यंत उभी. ओठांच्या दोन्ही कडा मोकळ्या राहतात. गोव्यातल्या एका लग्नात धाकट्या जावेच्या मुलीबरोबर एका खोलीत झोपायची वेळ आली, तिनं पाहिलं, आणि आठवड्याभरात वडगावपासून निपाणीपर्यंत सगळ्यांना कळलं. "यजमानांनी लावली काय हो बाई?" हा विनोद तीस-चाळीसदा ऐकून झालाय.

विनोद झाला की खरा प्रश्न येतो. पन्नाशी उलटली तरी दर रविवारी राजहंसगड चढता, तोही तोंड मिटून; दिवसभर वर्गात उभ्या असता; हा दम पट्टीचा का? आम्हीपण लावू का? मी काहीतरी थातूरमातूर सांगून सुटत आले. पण गेल्या महिन्यात शेजारच्या सूनबाईंनी विचारलं, "बाई, आमचा सात वर्षांचा आहे ना, तो सारखा आ वासून असतो. त्याला लावली तर? मुलांची वेगळी मिळते, अस्वलाचं चित्र असलेली. मागवलीय मी." आणि मी त्या पोरीवर ओरडले. भर गल्लीत, भाजीच्या गाड्यासमोर. ती रडवेली होऊन आत गेली. तिची चूक एवढीच की तिनं मला विचारलं.

म्हणून लिहिते.

तुम्ही पट्टी ही पहिली पायरी धरून चालला आहात. माझी ती शेवटची होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी निपाणीहून हुबळीच्या गाडीत बसले आणि बेळगाव कधी येऊन गेलं ते कळलंच नाही. "एळ्री मेडम, कित्तूर बंतु," (उठा, कित्तूर आलं) म्हणून कंडक्टरनं उठवलं तेव्हा आख्खी गाडी माझ्याकडं बघत होती, कारण मी घोरत होते. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली, घसा कोरडाठाक, दाढा एकेक करून किडत चाललेल्या. थायरॉइड तपासलं, रक्त तपासलं, वय झालं म्हणून स्वतःची समजूत घातली. बेळगावातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मात्र पर्स उघडायला लावली. आत नाकात सोडायच्या थेंबांच्या दोन बाटल्या. तीन वर्षं रोज टाकत होते. टाकले की दोन मिनिटांत नाक मोकळं, देव भेटल्यासारखं. "हे चार-पाच दिवसांवर वापरायचं नसतं," ते म्हणाले. "आता तुमचं नाक चोंदतंय ते ह्या थेंबांनीच."

थेंब बंद केले तेव्हाचे पंधरा दिवस यजमानांना विचारा. मग उकळून निवलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, धुळीच्या ॲलर्जीचा फवारा, रात्रभर बोटाला आणि छातीला यंत्र लावून झोपेची तपासणी. श्वास अडखळत होता, पण थोडा, सौम्य म्हणाले. नाक मोकळं राहायला लागलं तरी सवयीनं झोपेत तोंड उघडायचंच, तेव्हा कुठं पट्टीचा विषय निघाला, तोही 'बघा हवं तर' असा. तिच्यामागं पुरावा म्हणावा तर तैवानमधला २०२२ चा एक अभ्यास सांगता येईल: सौम्य त्रास असलेली, तोंड उघडं टाकून झोपणारी २० माणसं. श्वास अडखळण्याचे प्रसंग तासामागं ८.३ वरून ४.७ वर आले, घोरणंही कमी झालं. वीस माणसं! आमच्या सातवीत त्याहून जास्त मुलं आहेत, पट कितीही घसरला असला तरी.

हे आज म्हणते. कोरोनाच्या आधी एका हळदीकुंकवात मी या विषयावर पाऊण तास भाषण ठोकलं होतं, आणि त्यातलं निम्मं आज मला मान्य नाही. 'नाकानं श्वास घेतला की रक्तात जास्त ऑक्सिजन जातो' असं मी ठणकावून सांगितलं. पुढं घरोघरी बोटाला लावायची ती यंत्रं आली आणि निरोगी माणसाचा आकडा पंच्याण्णवच्या वरच असतो हे सगळ्यांनीच पाहिलं. भांडं आधीच काठोकाठ, त्यात जास्त ओतणार कुठं? भाषणात टाळ्या पडल्या त्या भ्रामरीला, म्हणजे तोंड मिटून गुणगुणायच्या प्राणायामाला. नाकाशेजारच्या हाडांतल्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, हे स्वीडनच्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं. तो वायू श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो. नुसतं गुणगुणलं तर नाकातून येणारा हा वायू पंधरापट होतो, हे २००२ मध्ये मोजलं गेलं. हे सगळं खरं आहे. पण त्या पंधरापटीनं मी गड चढते, असं कुणी मोजलेलं नाही, आणि मी मात्र बायकांना तसंच सांगितलं.

नाक हवा ऊबदार करतं, ओली करतं, धूळ अडवतं, हे शाळेच्या पुस्तकातही आहे. शिवाय नाकाची वाट अरुंद; श्वासाला होणारा अर्धाअधिक अडथळा एकट्या नाकाचा. म्हणजे तोंड मिटून गड चढायचा तर हळूच चढावा लागतो. मी येळ्ळूरच्या बाजूनं निघते तेव्हा कॉलेजची पोरं बघता बघता पुढं जातात. माझा दम वाढला की वेग कमी झाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तरतरीचं म्हणाल तर रात्रीची झोप सलग लागते, बस्स. एका श्रावणात महिनाभर पट्टी बंद ठेवून पाहिली. घोरणं परत आलं (साक्षीदार घरातच आहे), थकवा नाही आला. मग इतकी वर्षं गुण कुणाचा होता, पट्टीचा की थेंब सुटल्याचा?

आता त्या ओरडण्याचं.

आमचं माहेर निपाणीत. आई तंबाखूच्या वखारीत निवडायला जायची. वखारीचं तुम्हाला काय सांगायचं, नुसतं दारावरून गेलं तरी शिंका लागतात. आईच्या केसांना, पदराला, भाकरीलासुद्धा खकाण्याचा, तंबाखूच्या धुळीचा, वास. तिच्या बोटांना भेगा पडायच्या म्हणून घरात पांढऱ्या कापडी चिकटपट्टीचं रीळ कायम असायचं. आजी तपकीर ओढायची. सगळ्या घराचीच नाकं कधी ना कधी चोंदलेली, त्यामुळं धाकट्या भावाचं नाक बारा महिने चोंदलेलं असतं याचं कुणाला काही वाटलं नाही. मी चौदाची, तो सहाचा. तोंड कायम उघडं, डोळ्यांखाली काळं, रात्री बाप्या माणसासारखं घोरणं, वर्गात पेंगणं, अधूनमधून अंथरूण ओलं. शाळेत त्याचं नाव पडलं 'मासा'. मास्तरही हजेरी घेताना 'मासा आलाय का?' म्हणायचे. त्याला सोडायला मी जायची, म्हणून मी 'माशाची आक्का'. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. मेल्याहून मेल्यासारखं मला व्हायचं.

'तोंड मीट' हे मी दिवसातून शंभरदा म्हणत असेन. तो मिटायचा, आणि घटकाभरानं परत उघडायचा. "येत नाय गं आक्का." मला तो हट्ट वाटायचा.

१९८९ चा डिसेंबर. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरचे मामा येणार होते आणि सगळ्यांचा मिळून स्टुडिओत फोटो काढायचा होता. आई कामावर जाताना म्हणाली, "त्याला जरा तोंड मिटून बसायला शिकीव." दुपारी आजी कलंडली होती. मी रीळ काढलं, दातानं दोन तुकडे तोडले आणि त्याच्या तोंडावर फुलीसारखे चिकटवले. त्याला खेळ वाटला, पट्टीखाली हसत होता. त्याला गुडघ्यांत धरून बसवलं, दोन्ही मनगटं हातात घेतली आणि सांगितलं, "शंभर म्हणेपर्यंत. नाकानं घे."

वीसपर्यंत तो माझ्याकडं बघत होता. पंचविसाला नाकातून बारीक शिट्टी यायला लागली. तिसाला मान हलवायला लागला. मला वाटलं, नाटक. पस्तिसाला त्याचे डोळे माझ्यावरून सुटले आणि छपराकडं गेले. मी मनगटं आणखी आवळली. मी भरभर मोजू शकले असते. भरभर मोजलं नाही. पाढे म्हणतात तसं एकेक, नीट, म्हणत राहिले. एक्केचाळिसाला त्याची टाच लागून कळशी पडली आणि आजी उठली. "काय करालीस गं भवाने!" तिनं पट्टी ओढली, तिच्याबरोबर वरच्या ओठाचं कातडंही आलं. तो आजीच्या लुगड्यावर ओकला. ओठ निळसर झाले होते. तो आता रडेल म्हणून मी वाट बघत होते. त्यानं दोन-तीनदा तोंडानं भराभर श्वास घेतला आणि मला विचारलं, "शंभर झालं?"

आजीनं आईला सांगितलं नाही. संध्याकाळी आईनं ओठ बघितला तेव्हा थंडीनं उलला म्हणाले. आईनं लोणी लावलं. दुसऱ्या दिवशी फोटो निघाला. ओठ उघडला की आग होत असणार, त्यानं तो मिटूनच ठेवला. आईच्या कपाटातला तो फोटो पाहिला की पाहुणे म्हणतात, लहानपणी किती शहाणा होता हो हा.

मी चौदा वर्षांची होते. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. चौदा वर्षांच्या पोरीला ॲडेनॉइड काय माहीत असणार? बरोबर. पण 'येत नाय' हे तो मराठीतच सांगत होता.

दोन वर्षांनी शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली आणि आई त्याला मिरजेला घेऊन गेली. नाकाच्या मागं, पडजिभेच्या वर, मऊ मांसाचा गोळा, तेच ॲडेनॉइड, वाढून वाट बुजलेली. "नाकानं श्वास येईल कुठनं? दार आतनं लावलंय," असं तिथले डॉक्टर म्हणाल्याचं आई सांगायची. ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पहिल्या रात्री तो इतका निवांत झोपला की आई तीनदा उठून नाकापुढं बोट धरून बघून आली. पेंगणं थांबलं, अंथरूण कोरडं राहायला लागलं, पुढं तवंदीचा घाट सायकलवरून चढायला लागला. 'मासा' हे नाव दहावीपर्यंत टिकलं.

फार नंतर मी वाचलं की कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर नावाच्या डॉक्टरांनी हा आजार १८६८ मध्येच लिहून ठेवला होता. नाक चोंदलेल्या मुलांचं अभ्यासात लक्ष लागत नाही, याला ॲम्स्टरडॅमच्या एका डॉक्टरांनी त्याच शतकात 'ॲप्रोसेक्सिया' असं नावही देऊन टाकलं होतं. आमचे मास्तर त्याला मठ्ठ म्हणत होते तेव्हा हे ज्ञान शंभर वर्षांचं म्हातारं झालेलं. मला मास्तरांचा राग येतो. मग आठवतं की रीळ त्यांच्या हातात नव्हतं. आणि भाऊ स्वतः काय म्हणतो? "त्यो गोळा वयात आल्यावर आपोआप बारीक होतोय म्हणं. उगंच कापला." पुष्कळ मुलांत तो बारीक होतो हेही खरंच. खकाण्यामुळं वाढला असं आई मरेपर्यंत म्हणत होती. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं, पण वखारीपासून लांब राहणाऱ्या मुलांनाही तो होतो.

त्या सूनबाईंकडं मी चार दिवसांनी कुंदा घेऊन गेले. त्यांनी दार उघडलं, पण हसल्या नाहीत. अस्वलाच्या पट्ट्या पोरानं फ्रिजवर ओळीनं चिकटवल्या होत्या. मी त्याला म्हटलं, एक नाकपुडी दाबून धर बघू, दुसरीतून हवा येते का? त्यानं दोन्ही बाजूंनी करून बघितलं आणि आईकडं पाहिलं. मंगळवारची वेळ घेतलीय म्हणाल्या. त्याचं काय निघेल मला माहीत नाही. काही नसेलही, नुसती सवय असेल. मी का ओरडले, हे त्यांना सांगितलं नाही. आता वाचतील.

भाऊ पिंपरीत असतो. लहानपणीचं त्याला काही आठवत नाही, असं तो म्हणतो, आणि मी ते कधी उकरून काढलं नाही. तो आला की मी पट्टी लावत नाही, दोन-तीन रात्रींचा तर प्रश्न. यंदा गणपतीला आला तेव्हा रीळ उशाजवळच्या स्टुलावर तसंच राहिलं होतं. चार्जर शोधायला तो खोलीत आला, रीळ उचललं, थोडी पट्टी सोडवून अंगठ्यावर चिकटवून बघितली.

"हल्लीची बरी दिसती," म्हणाला. "ओढताना कातडं निघत नसंल, नव्हं?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं रीळ होतं तसं ठेवलं, चार्जर घेतला आणि जाताना दिवा घालवला.