सीए आणि मिस्टर युनिव्हर्स

परवा कँटीनमध्ये चहा पिता पिता मोबाईलवर चित्रकार भूपेन खक्करांचे जुने फोटो दिसले आणि मी एकटाच फिस्सकन हसलो, समोरची मंडळी बघायला लागली. १९७२ च्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगसाठी काढलेले फोटो. एकात हा माणूस मिस्टर युनिव्हर्स, दुसऱ्यात जेम्स बाँड. आणि अवतार म्हणाल तर बँकेत आपल्याला पासबुक भरून देणारे काका असतात ना, अगदी तस्सा!

हिशेबाचाच माणूस होता म्हणा. मुंबईत जन्म, शिक्षणाने सीए, १९६२ मध्ये बडोद्याला गेला आणि तिथेही कितीतरी वर्षं अर्धा दिवस अकाउंट्स बघून उरलेल्या वेळात चित्रं काढायचा. मला महिनाअखेरीला जेवायला वेळ मिळत नाही, असो.

सुरुवातीला कोलाज करायचा. बाजारातून देवादिकांचे छापील फोटो आणायचे, कापायचे, चिकटवायचे, वर रंग फासायचा. १९६५ ला मुंबईत ही कोलाजं लोकांनी बघितली. आमच्या आईने बघितली असती तर आधी कात्री काढून घेतली असती, कारण आमच्याकडे कॅलेंडरवरचे देव टाकत नाहीत, सुरळ्या करून माळ्यावर ठेवतात, त्यातल्या एका लक्ष्मीचे दोन्ही हत्ती उंदरांनी खाल्लेत पण ती अजून आहे.

मग दुकानं आली. घड्याळवाला, न्हावी, शिंपी. 'जनता वॉच रिपेअरिंग' म्हणजे आपण सेल टाकायला जातो ते दुकान, त्याचं कोणी ऑइल पेंटिंग करेल असं स्वप्नातही येत नाही. 'डीलक्स टेलर्स' बघितलं आणि मला आमचा शिंपी आठवला, गळ्यात टेप, कानावर खडू, पावतीला टाचणीने टोचलेला कापडाचा तुकडा, आणि "गुरुवारी या". कुठला गुरुवार ते कधीच नाही सांगितलं.

१९८१ चं एक चित्र मात्र नुसतं हसून सोडता येत नाही. बाल्कनीत एक नागडा माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि खाली बाप, लेक, गाढव, तीच आपली शाळेतली गोष्ट. नावही तेच, सगळ्यांना खूश नाही करता येत. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी या चित्रातून उघड सांगितलं असं मानतात, आणि त्या काळी, चाळिशी उलटलेल्या, चारचौघांत नोकरी केलेल्या माणसाने. २०१६ ला लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं त्यालाही हेच नाव दिलं. तेव्हा ते नव्हते, २००३ मध्येच गेले.

घरी आल्यावर कपाटातून बाबांचा जत्रेतला फोटो काढला. पुठ्ठ्याचं विमान, खिडकीतून बाबांचं तोंड, डोळ्यावर फोटोवाल्याचा गॉगल, आणि विमानाच्या पोटाखाली बाबांच्या करकरीत कोल्हापुरी चपला. तोंडावर भाव मात्र असा की आत्ता लंडनला उतरतोय.

बाबांना म्हटलं हे बघा, तुमच्यासारखाच एक, आणि मिस्टर युनिव्हर्सचा फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल नाकाजवळ नेऊन नीट बघितला.

"कोण रे हे? तुमच्या अकाउंट्समधले का?"