लालसर, संवेदनशील त्वचेवर सनस्क्रीन आणि मेकअप : नोंद तिसरी

पहिल्या दोन टप्प्यांत सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर पक्कं झालं. आता सनस्क्रीन, मग फाउंडेशन, मग लागलंच तर करेक्टर (लाली दबवणारा रंगीत मेकअप). एका वेळी एकच नवी वस्तू आणायची. दोन एकदम आणल्या आणि गाल पेटले, तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही.

चाचणी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला, बोटाच्या पेराएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. एका दिवसाची चाचणी फसवते, कारण ॲलर्जी दोन-तीन दिवसांनीही वर येते. मनगटावर काहीच न होणारी क्रीम गालावर झोंबू शकते, म्हणून शेवटचे दोन दिवस गालावरही थोडी लावून बघावी.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घ्यावं. ऊन अडवणाऱ्या बाकीच्या घटकांपैकी (फिल्टरांपैकी) काही अशा त्वचेला झोंबतात, डोळ्यांजवळ तर जास्तच. घटकांच्या यादीत अल्कोहोल डिनॅट (एक प्रकारचं अल्कोहोल) वरच्या ओळींत असेल किंवा परफ्यूम, मेन्थॉल, निलगिरी, विच हेझल (एका झुडपाचा अर्क) दिसलं, तर ती ट्यूब परत ठेवा. ‘अनसेंटेड’ या शब्दावर विसंबू नका, त्यात वास झाकणारा सुगंध असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ लिहिलेलं हवं. टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेल्या प्रकाराला आमची पहिली पसंती. त्यातलं आयर्न ऑक्साइड पांढरट थर लपवतं, दृश्य प्रकाशही अडवतं आणि लाली थोडी आत्ताच झाकली जाते.

प्रमाणावर मात्र तडजोड नाही. एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) मोजताना दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम थर धरतात. चेहऱ्याला साधारण 1.2 ग्रॅम लागतं, मान वेगळी. 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर बटर पेपरचा तुकडा ठेवून एकदा मोजून बघा. रोजच्या सवयीने घेतलेला ठिपका बहुधा निम्माही भरत नाही, आणि निम्म्या थराला ट्यूबवरच्या एसपीएफ 50 चं संरक्षण मिळत नाही. 0.6 ग्रॅमचे दोन हात दिले की थर सारखा बसतो. फाउंडेशनवर छापलेला एसपीएफ हिशेबात धरू नका, तितकं फाउंडेशन कुणीच थापत नाही.

इथे सगळ्यात जास्त बिघडतं ते गोळ्या सुटण्याने. खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या नाकाच्या कडेने निघतात. खालचं मॉइश्चरायझर ओलं असतं, किंवा जास्त झालेलं असतं, किंवा वरचा थर चोळला जातो. मॉइश्चरायझरनंतर पाच मिनिटं, सनस्क्रीननंतर पंधरा मिनिटं थांबा. तरीही सुटल्या तर मॉइश्चरायझर निम्मं करा. सनस्क्रीन कमी करायचं नाही.

फाउंडेशन ओलसर, पिळून घेतलेल्या स्पंजने दाबत बसवायचं. ब्रशने ओढलं की खालचं सनस्क्रीन सरकतं आणि घर्षणाने लाली वाढते.

हिरवं करेक्टर उगाच डोक्यावर घेतलं जातं. किंचित पिवळसर छटेचं, शेड जुळणारं फाउंडेशन पातळ दोन थरांत दिलं की बऱ्याचदा काम भागतं. लागलंच तर नाकपुड्यांच्या बाजूला आणि गालाच्या मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढं, टिचक्या देत; मिनिटभर बसू द्यायचं, मग फाउंडेशन. जास्त झालं की चेहरा राखाडी दिसतो. सावळ्या-गडद त्वचेवर लाली तपकिरी-जांभळट दिसते, तिथे हिरव्यापेक्षा पीच किंवा पिवळा रंग चालतो.

बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. मेकअपवरून सनस्क्रीन स्पंजने टेकवत लावा. एसपीएफ पावडर पुरेशी बसत नाही, ती फार तर जोडीला. टोपी मात्र हवीच, तिला ना झोंबणं ना गोळ्या!

काढताना वाइप्स नकोत. सकाळभर जपलेली त्वचा रात्री पुसून पुसून लाल होते, आणि वॉटरप्रूफ मस्कारा असला तर आणखीच. क्लेन्झिंग क्रीम बोटांनी अर्धा मिनिट फिरवा, कोमट पाण्याने धुवा, टॉवेल टेकवा. स्पंज प्रत्येक वापरानंतर धुवून उघड्यावर वाळवायचा.

सतत जळजळ, पुळ्या किंवा डोळ्यांत खुपणं असेल तर मेकअप थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. स्टेरॉइडची क्रीम स्वतःहून लावू नका. लाली आधी ओसरते, पण फार दिवस लावली तर त्वचा पातळ होते आणि बंद करताच लाली उसळते.

पुढची वस्तू ब्लश. सुरुवात पावडरने, कारण क्रीम ब्लश पसरवताना खालचे थर सरकतात.