तुम्ही विचारलंत म्हणून: एका काठीला इतका वेळ कशाला?

‘काठी वाकवायची, दोरी बांधायची. त्यात एवढे महिने काय करता?’ मी लाकडाची धनुष्यं घडवतो, आणि नातेवाइकांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. (‘शिकार करता का?’ हेही असतंच. नाही. १९७२च्या कायद्याने ती बंद आहे, आणि तसाही माझा नेम गवताच्या भाऱ्यावर कसाबसा लागतो.)

बरेचसे महिने लाकूड वाळण्यात जातात, त्यात माझं कर्तृत्व शून्य. मी धामण नावाच्या झाडाचं लाकूड वापरतो. आपल्याकडे कुऱ्हाडीचे दांडे, कावडीच्या काठ्या याच लाकडाच्या करत आलेत, कारण ते वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. फांदी उभी चिरायची आणि टोकांना रंग फासायचा, नाहीतर टोकं आधी वाळून तडकतात. मग सावलीत ठेवून विसरून जायचं. लाकडातली ओल ८ ते १० टक्क्यांवर यायला हवी. पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन तेच लाकूड १५ टक्क्यांपुढे जातं, आणि अशा ओलसर लाकडाचं धनुष्य केलं तर दोरी उतरवली तरी ते वाकलेलंच राहतं. म्हणून जून ते सप्टेंबर हत्यारं बंद.

वाकस आणि रंध्याचं ढोबळ काम एका सुट्टीत उरकतं. पथ्य एकच. सालीखालचा पृष्ठभाग ही धनुष्याची पाठ, म्हणजे निशाणाकडची बाजू. सगळा ताण तिच्यावर येतो. तिथले तंतू तुटले की मोड तिथूनच सुरू होते, म्हणून पाठीला हत्यार लावायचं नाही. काय तासायचं ते पोटाकडून, जिथे लाकूड दाबलं जातं.

खरा वेळ खातं ते यानंतरचं बघणं. मी भिंतीवर खाच पाडलेली एक फळी ठोकली आहे. धनुष्याची मूठ त्या खाचेत टेकवायची, दोरी कप्पीवरून हळूहळू खाली ओढायची आणि चार पावलं मागे सरून बघत राहायचं. डावीकडे मधेच ताठ राहतंय का? उजवीकडे टोकाजवळ जास्त वाकतंय का? ताठ जागेवर पेन्सिलीची खूण करायची, तिथे कानशीचे दोन-चार हात मारायचे. मग थोडं थोडं ओढून-सोडून लाकडाला सवय लावायची आणि परत बघायचं. जास्त वाकणाऱ्या जागेला मात्र शिवायचंही नाही, नाहीतर तिथे बिजागरी होते आणि पुढचा सगळा भार तीच घेते. तिच्या शेजारचं उतरवायचं.

इतकं जपायचं कारण साधं गणित आहे. रुंदी १० टक्के कमी केली तर ताठरपणा १० टक्केच घटतो. जाडी १० टक्के कमी केली तर तो २७ टक्के घटतो, कारण तिथे जाडीचा घन लागू होतो. १५ मिलिमीटर जाडीत १० टक्के म्हणजे दीड मिलिमीटर! शेवटी शेवटी तर मी कानसही बाजूला ठेवतो आणि फुटक्या काचेने खरवडतो.

१९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला, ओत्झी. त्याच्यासोबत यू झाडाचं १.८२ मीटरचं धनुष्य होतं, अर्धवट राहिलेलं. त्यावर तासल्याच्या खुणा अजून दिसतात, दोरीसाठी खाचासुद्धा पाडलेल्या नाहीत. त्यालाही घरचे ‘अजून झालं नाही?’ म्हणत असणार, अशी माझी खात्री आहे.

यानंतर ठरलेली मागणी येते: ‘मग आम्हाला एक द्या की करून.’ करून देत नाही. धनुष्य ओढणाऱ्याच्या हातावर बेतलेलं असतं. माझं २६ इंच ओढण्यापुरतं घडवलंय. तुमचे हात लांब असतील आणि तुम्ही ते २८ इंचांपर्यंत खेचलंत, तर मोडेल. हातात घेऊन मात्र खुशाल बघा. फक्त बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. बाणाने घेऊन जायची ताकद मग काठीतच फुटते, आणि पाहुणे नेमकं तेच करतात.