मोरचुदातलं पाणी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहा, असा निरोप आला आणि मला नववीची प्रयोगवही आठवली. साल १९८३, महिना जुलै. गिरगावात पाऊस कोसळत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत दिवसासुद्धा दिवे लावावे लागत. प्रयोग होता मोरचुदातलं पाणी काढण्याचा.

पाच ग्रॅम निळा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, चिनी मातीच्या मुशीत घ्यायचा, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा, पांढरा पडला की थंड करून पुन्हा वजन करायचं. पावसाळी हवेत ती पांढरी पूड लगेच ओल धरते. म्हणून विज्ञानाच्या बाईंनी मूस थंड करायला कॅल्शियम क्लोराइड घातलेली काचेची बरणी ठेवली होती. आमच्या प्रयोगशाळेतली बरीचशी काच बाई स्वतः प्रिन्सेस स्ट्रीटवर जाऊन, एकेक पारखून आणायच्या.

माझी पूड पांढरी झाली. वजनातली घट, म्हणजे निघून गेलेलं पाणी, भरली १.४५ ग्रॅम, म्हणजे २९ टक्के. पुस्तकात होतं ३६. शेजारच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर ३६ च्या जवळ आलं होतं. मी १.४५ खोडून १.८० लिहिलं.

बाईंनी वही पाहिली आणि विचारलं, "काट्यावर किती आलं होतं?"

मी गप्प. त्यांनी खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. "हा वाचता येतोय मला. अगं, चूक हा आकडा नाही. चूक तू नंतर लिहिलेला आकडा आहे."

मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. मोरचुदाच्या एका रेणूबरोबर पाण्याचे पाच रेणू असतात. त्यातले चार शंभराच्या थोडं वर तापमान गेलं की निघून जातात. पाचवा मात्र घट्ट धरून बसतो, त्याला २०० अंशांच्या आसपास आच लागते. चार रेणूंचं वजन काढलं तर येतं २९ टक्के. माझी आच मंद होती, पूड पांढुरकी दिसली म्हणून मी दिवा काढला होता. त्या एका आकड्यात पाचव्या रेणूची अख्खी गोष्ट होती आणि मी तीच पुसली होती. मला रडू आलं. शिक्षा काहीच झाली नव्हती. रडू आलं ते हातातलं काहीतरी मौल्यवान आपणच टाकून दिलं, या जाणिवेनं.

त्या दिवशी बाईंनी तास संपल्यावर अरगॉन वायूच्या शोधाची हकीकत सांगितली. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेनं नायट्रोजन दोन तऱ्हांनी मिळवला. हवेतल्या नायट्रोजनचं वजन लीटरला १.२५७ ग्रॅम भरे, रासायनिक संयुगातून काढलेल्याचं १.२५१. फरक तिसऱ्या दशांश स्थळावरचा. रॅलेनं तो सोडला नाही, पुन्हा पुन्हा वजनं केली, आणि १८९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमसेबरोबर हवेत दडलेला हा नवा वायू जगापुढे ठेवला. त्याच्याही १०९ वर्षं आधी, १७८५ मध्ये, कॅव्हेंडिशनं हवेतला नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी संपवत नेला होता आणि शेवटी एक इवलासा बुडबुडा उरला होता. तो कशाचा हे त्याला उलगडलं नाही, पण उरला हे त्यानं लिहून ठेवलं. मला आजही रॅलेपेक्षा कॅव्हेंडिशची गोष्ट जास्त हलवते.

त्या दिवसापासून आमच्या वहीत डाव्या कडेला तीन ओळी आल्या: तारीख, वेळ, हवा. हवेपुढे ऊन, ढग किंवा पाऊस, जे असेल ते लिहायचं.

पुढे रुइया कॉलेज, आणि मग माटुंग्याची रसायन तंत्रज्ञानाची संस्था यूडीसीटी, आज जिला आयसीटी म्हणतात. तिथे १९९३ मध्ये पीएचडीसाठी माझी एक रिअॅक्शन चालली होती: टोल्युइन या द्रावकात न विरघळणारं पोटॅशियम कार्बोनेट आणि त्याच्या कणांवरून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, उचलून द्रावणात आणणारा उत्प्रेरक. ऑगस्टमध्ये ती सहा तासांत पुरी व्हायची. डिसेंबरात दोन दोन दिवस ढवळत ठेवली तरी अर्ध्यावर अडायची. टोल्युइन नव्यानं ऊर्ध्वपातन करून घेतलं, उत्प्रेरकाची नवी बाटली उघडली, कार्बोनेट रात्रभर ओव्हनमध्ये सुकवलं. जितकी जास्त काळजी घ्यावी तितका निकाल वाईट. जानेवारीअखेर ऑगस्टच्या नोंदीच चुकल्या असं धरून ते काम सोडायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. सोडण्यापूर्वी सगळ्या वह्या टेबलावर ओळीनं उघडून ठेवल्या. चांगल्या निकालाच्या प्रत्येक पानावर डाव्या कडेला एकच शब्द होता. पाऊस.

पावसाळ्यात कार्बोनेटच्या बरणीत गोळे व्हायचे, ते मला आठवत होतं. ती ओल मी अशुद्धी समजत होते. कणांवर पाण्याचा अगदी पातळ थर असला की आयन तिथून सुटून उत्प्रेरकाच्या हाती लागतात, कोरड्याठाक कणावरून सुटत नाहीत. सुकवलेल्या कार्बोनेटवर मी ड्रॉपरनं चार थेंब पाणी टाकलं. सहा तासांत रिअॅक्शन पुरी झाली. मी एकटीच होते प्रयोगशाळेत, आणि फ्लास्कसमोर बराच वेळ नुसती उभी राहिले.

त्याच रविवारी ठाकुरद्वारला बाईंच्या घरी गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या. चहा निवेपर्यंत त्यांनी सगळं ऐकलं, वही चष्म्याजवळ धरून पानं पाहिली. शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, "आणि चारच्या जागी वीस थेंब टाकले तर?"

मी करून पाहिलं नव्हतं. सोमवारी चर्नी रोडहून पहाटेची लोकल पकडून माटुंगा गाठलं आणि वीस थेंबांची रिअॅक्शन लावली. ती पुन्हा मंदावली. जास्त पाणी झालं की आयन त्या पाण्यातच गुरफटून राहतात. नोंद वहीत आहे. तारीख, वेळ, आणि खाली: हवा कोरडी.