पाहुणे आधी वॉर्डात

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार जवळ आला की अजूनही मी पातळ पोह्यांची पिशवी खाली काढते. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या ज्या इस्पितळात मी लॅबमध्ये नोकरी केली, तिथल्या रेडिओ केंद्राचं वार्षिक संमेलन त्या दिवशी असायचं. चिवडा माझ्याकडे, केक आणि सॉसेज रोल बाकीच्यांकडे, आणि यंदा पाहुणे कोण यावर उन्हाळ्यापासून चर्चा.

आपल्याकडे ही कल्पना फारशी रुजली नाही, म्हणून थोडं सांगते. इस्पितळाचं रेडिओ केंद्र हे खाटेवर पडलेल्या माणसांसाठीच असतं. खाटेच्या डोक्याशी भिंतीत एक छोटी डबी, तिला एक फिरवायचं बटण, आणि खुंटीला लोंबकळणारा हेडफोन. त्यातून जे ऐकू येतं ते त्याच इमारतीतल्या एखाद्या खोलीतून येत असतं, आणि ते करणारी सगळी माणसं बिनपगारी. ब्रिटनमध्ये याची सुरुवात १९२५ साली यॉर्कच्या काउंटी हॉस्पिटलात झाली. थॉमस हॅन्स्टॉक नावाच्या, पोस्टात काम करणाऱ्या गृहस्थांनी पुढाकार घेतला. २०० खाटांशी हेडफोन बसवले, ७० लाउडस्पीकर लावले. चर्चमधली प्रार्थना आणि खेळांचं धावतं वर्णन, एवढंच तेव्हा असायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावी केंद्रं निघाली, तीही बहुतेक फुटबॉलच्या पायी. न्यूकॅसलचं रेडिओ टाइनसाइड १९५१ साली सुरू झालं ते सेंट जेम्सेस पार्कवरच्या सामन्यांचं वर्णन रुग्णांपर्यंत पोचवायला. दर शनिवारी मैदानावर जाणारा माणूस पाय मोडून पडला, तर त्याचा सामना चुकू नये, इतकी साधी गोष्ट होती ती.

आमचं केंद्र जुन्या बॉयलरच्या खोलीमागच्या कोठारात होतं. भिंतींना कुणाच्या तरी घरातून निघालेले गालिचे ठोकलेले, दोन रेकॉर्ड प्लेअर, एक कॅसेटचं यंत्र, एक माइक. माणसं म्हणाल तर बसचालक, बँकेतले कारकून, शाळामास्तर, दोन-तीन परिचारिका, निवृत्त मंडळी आणि मी. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्यातले दोघे-तिघे चिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन वॉर्डात फिरायचे. नाव काय, कुठलं गाणं, कुणासाठी. आठ वाजता भेटायला आलेली माणसं घरी जायची, वॉर्डात एकदम शांतता पसरायची, आणि नेमक्या त्या वेळी आमचा फर्माइशीचा कार्यक्रम सुरू व्हायचा. ती वेळ ज्यानं ठरवली असेल, त्यानं इस्पितळातली रात्र नक्की काढलेली असणार.

संमेलन व्हायचं कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये. टेबलं भिंतीला लावायची, खुर्च्या मांडायच्या, वर्षाचा हिशेब वाचायचा, दहा-वीस वर्षं काम केलेल्यांना बिल्ले द्यायचे, मग पाहुण्यांचं भाषण, सोडत आणि चहा. शाळेच्या स्नेहसंमेलनासारखंच सगळं. एक गोष्ट मात्र वेगळी होती, आणि ती आमच्या पहिल्या चिटणीसबाईंनी घालून दिलेली. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांचा नियम असा, की पाहुणे आधी वॉर्डात जातील, मग व्यासपीठावर. हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन्सिल घ्यायची, निदान पाच खाटांपाशी जाऊन फर्माइशी लिहून आणायच्या, त्यातली एक स्वतः माइकवर वाचायची, आणि मगच भाषण. पाहुणा केवढाही मोठा असो, यातून सुटका नव्हती.

पहिल्यांदा हा नियम मी पाहिला तो महापौरांच्या बाबतीत. गळ्यात पदाची ती जाड सोन्याची साखळी. चिठ्ठी लिहायला वाकले की ती खाटेच्या लोखंडी कठड्यावर खणखण वाजायची आणि झोपलेली माणसं दचकून बघायची. दुसऱ्या खाटेपाशीच त्यांनी साखळी काढून सिस्टरच्या हातात दिली. पुढे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाणं सांगायच्या ऐवजी, इस्पितळाच्या फाटकासमोरच्या बसथांब्याला छप्पर नाही, माझी बायको रोज भिजत येते, असं ऐकवलं. महापौरांनी फर्माइशीच्या चिठ्ठीवर तेच लिहून घेतलं. वसंतापर्यंत छप्पर झालं. ती चिठ्ठी आमच्या चिटणीसबाईंनी कितीतरी वर्षं फलकावर टाचून ठेवली होती.

मोठी माणसं आमच्यासारख्या लहानशा केंद्राला हो का म्हणायची, याचं मला सुरुवातीला नवल वाटे. नंतर कळलं, की त्यांतल्या कित्येकांनी आपला पहिला माइक अशाच एखाद्या कोठारात धरलेला असतो. बीबीसी रेडिओ २ वर २०२३ पर्यंत सकाळचा कार्यक्रम तीस वर्षांहून अधिक काळ चालवणारे केन ब्रूस ग्लासगोच्या हॉस्पिटल रेडिओत तयार झाले. जिल डँडो वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावात स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार होती, तेव्हा ती तिथल्या सनशाइन हॉस्पिटल रेडिओवर स्वयंसेवक म्हणून जायची. पुढे ती दूरचित्रवाणीवर घराघरांत पोचली. २६ एप्रिल १९९९ ला लंडनमध्ये स्वतःच्या दारात तिची हत्या झाली. त्या संध्याकाळी आमच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. तिला आमच्यापैकी कुणी भेटलेलं नव्हतं, पण आपल्या घरातलंच कुणी गेल्यासारखं झालं. शोकासाठी केंद्र बंद ठेवावं, असं एकजण म्हणाला. चिटणीसबाई म्हणाल्या, ती असती तर आत्ता चिठ्ठ्या गोळा करायला गेली असती. आम्ही गेलो.

पाहुण्यांमधली सगळ्यांत जवळची आठवण मात्र मराठी आहे. त्या वर्षी राष्ट्रीय रेडिओवर वर्षानुवर्षं बातम्या वाचून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. त्यांचा आवाज देशभर ओळखीचा. त्यांना वॉर्डात फिरवायची पाळी माझी होती. हाडांच्या वॉर्डात तेव्हा तळेगावच्या एक आजी होत्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, ओल्या पायरीवरून घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. इंग्रजी अजिबात नाही. मुलगा-सून कामावरून संध्याकाळी यायचे, बाकीचा दिवस छताकडे बघत काढायचा. जेवणाच्या सुट्टीत मी दोनदा त्यांच्यापाशी जाऊन बसले होते.

"आजी, हे रेडिओवाले साहेब आहेत. तुम्हाला कुठलं गाणं हवंय, विचारतायत."

"मला कशाला विचारतात गं? त्यांच्याकडे आपली गाणी कुठून असायची?"

"आहेत आजी. माझ्या कॅसेटी खाली ठेवल्यात."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. पांघरुणाचं टोक बोटांत घोळवत होत्या. मग म्हणाल्या, "अभंग लाव बाई एखादा. भीमसेनांचा असला तर बघ."

साहेबांनी चिठ्ठीवर सगळं माझ्याकडून नीट लिहून घेतलं. अभंग म्हणजे काय, भीमसेन जोशी कोण, आजी म्हणजे आजीच का, की ते नाव आहे. आमचा दुसरा नियम असा, की माइकवर आडनाव आणि खाटेचा नंबर घ्यायचा नाही. म्हणून ठरलं, 'तळेगावच्या आजी' म्हणायचं. आता त्यात ळ. लिफ्टमध्ये शिरल्यापासून ते "टलेगाव, टलेगाव" म्हणत होते. मी म्हटलं, जिभेचं टोक मागे दुमडा, टाळूला लावा आणि सोडा. जन्मभर आवाजावर जगलेला तो माणूस, एखाद्या पोरानं बाराखडी गिरवावी तसा, चौथ्या मजल्यापासून तळघरापर्यंत ळ गिरवत होता. लिफ्टमध्ये रिकामं स्ट्रेचर घेऊन एक पोर्टर उभा होता, तोही पुटपुटायला लागला. तळघरात दार उघडलं तेव्हा पोर्टरचा ळ साहेबांच्या आधी जमला होता.

साडेआठला दिवा लाल झाला. साहेबांनी चिठ्ठी दोन्ही हातांत धरली, श्वास घेतला आणि म्हणाले, "नमस्कार, आजी. तळेगावच्या आजींसाठी, अभंग." ळ अगदी स्वच्छ. कॅसेट लावताना माझे हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी वर गेले तर आजी उशीला टेकून बसलेल्या. "अगं, त्या साहेबानं माझ्या गावाचं नाव घेतलं! कानाला लावलं होतं ते काढून मी आधी इकडंतिकडं बघितलं, म्हटलं कोण आलं तळेगावचं? या शेजारच्या बाईलाही हाताला धरून सांगितलं, माझं गाव हाय ते." शेजारच्या बाई मान डोलावत होत्या. साहेबांचं भाषण त्या संध्याकाळी छान झालं असणार. मला त्यातलं एक वाक्य आठवत नाही. चिठ्ठी माझ्याकडे आहे. त्यांच्या तिरक्या इंग्रजी अक्षरांत 'तळेगाव' लिहिलेलं आणि ळ खाली दोन रेघा.

एका वर्षी पाहुणे आलेच नाहीत. ऐन दुपारी निरोप आला, जमत नाही. खुर्च्या मांडलेल्या, केक कापलेला. तेव्हा चिटणीसबाईंनी मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांकडे बोट केलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वयानं सत्तरीपुढचे. केंद्रात त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता, कारण ते माइकपाशी कधी बसलेच नाहीत. त्यांचं काम वॉर्डातल्या डब्यांचं. दर मंगळवारी डाग द्यायची बंदूक आणि तारेची गुंडाळी घेऊन ते मजल्यामजल्यावर फिरायचे आणि तुटलेले हेडफोन जोडायचे. मी आणि इथली एक मराठी मैत्रीण त्यांना आपसांत 'तारवाले आजोबा' म्हणायचो. त्या दिवशी ते प्रमुख पाहुणे झाले. वॉर्डात जाऊन आले, पण पाच चिठ्ठ्यांच्या जागी तीनच आणल्या. दोन खाटांवरच्या डब्या बिघडलेल्या होत्या, त्या दुरुस्त करत बसले. माइकवर एवढंच म्हणाले, "ऐकू येतंय का? नसेल तर सिस्टरला सांगा, मी उद्या येतो." टाळ्या किती वेळ चालल्या, ते मी सांगू शकत नाही.

आमचे खरे आश्रयदाते असेच होते. इस्पितळातल्या छोट्या दुकानात काउंटरवर आमचा वर्गणीचा डबा ठेवणाऱ्या बाई. सुपरमार्केटच्या दारात थंडीत चार-चार तास डबे वाजवत उभी राहणारी कॉलेजची पोरं. आणि आमच्या गावातली मराठी कुटुंबं. एका वर्षी गणपतीची वर्गणी उरली, तेव्हा कुणी न सांगता त्यांनी ती केंद्राला दिली आणि त्यातून आमचं पहिलं सीडीचं यंत्र आलं. रविवारचा हिंदी-मराठी तास त्यावरच चालायचा. तो ऐकणाऱ्यांत १९७२ साली युगांडातून हाकलून दिलेली गुजराती मंडळी सर्वांत जास्त असायची, आणि मराठी भावगीतंही ती आवडीनं मागायची.

पुढे खाटेजवळ टीव्ही आले, मग हातोहाती फोन. भिंतीतल्या डब्या एकेक बंद पडल्या. संमेलनाला खुर्च्या कमी मांडाव्या लागू लागल्या. २०२० च्या साथीत तर स्वयंसेवकांना इस्पितळात पाऊल टाकायची सोय नव्हती. केंद्रातल्या आमच्या मुलांनी आपापल्या घरच्या टेबलांवरून इंटरनेटवर कार्यक्रम केले, आणि परिचारिकांनी रुग्णांच्या फर्माइशी फोनवरून कळवल्या. ज्या दिवसांत भेटीला कुणालाच येता येत नव्हतं, त्या दिवसांत पुन्हा फर्माइशींचा ढीग लागला.

साथ ओसरल्यावर पहिलं संमेलन झालं, त्याचे पाहुणे पस्तिशीचे. एका स्थानिक रेडिओवर सकाळी बोलतात. नाव ऐकून मला काही आठवेना. ते कँटीनमध्ये आले, चिवड्याच्या पातेल्याकडे बघून थबकले आणि मला म्हणाले, "तुम्ही बुधवारी बिंगोचे आकडे वाचायच्या ना?" मुलांच्या वॉर्डात आम्ही बुधवारी बिंगो खेळायचो. कार्शल्टनच्या क्वीन मेरी बालरुग्णालयात १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या रेडिओ लॉलीपॉपमध्ये मुलांनाच माइक देतात हे ऐकून, आम्हीही जिंकणाऱ्याला दोन मिनिटं बोलू द्यायचो. हा पायाला प्लास्टर घातलेला नऊ वर्षांचा मुलगा लागोपाठ तीन बुधवार जिंकला होता आणि तिन्ही वेळा त्यानं वॉर्डातलं जेवण कसं होतं त्याची बातमी दिली होती.

चिटणीसबाई आता नाहीत. नियम सांगायला मी पुढे झाले, तर पाहुण्यांनी आधीच हात पुढे केला. "चिठ्ठ्या द्या. पेन्सिल आहे माझ्याकडे." पाच खाटा सांगितल्या होत्या. पाऊण तास झाला, तास झाला, चहा निवला. कुणीतरी बघायला वर गेलं. ते तिसऱ्या मजल्यावर एका आजोबांच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसले होते आणि हातात सतरा चिठ्ठ्या होत्या. त्या दिवशी फर्माइशीचा कार्यक्रम रात्री अकरापर्यंत चालला. भाषण राहूनच गेलं. आम्ही चहा पुन्हा टाकला.