शेजारच्या काकूंचा कॅमेरा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी जुने कॅमेरे घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. त्यामुळे शेजाऱ्याने स्वस्तात काढलेली वस्तू आपण चढ्या भावाने विकली तर बिघडलं कुठे, हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. बहुतेकांना ‘काही बिघडत नाही’ एवढंच ऐकायचं असतं.

नफ्याला माझी हरकत नाही. अडकलेलं शटर उघडून पात्यांवर सुकलेलं तेल काढायला दोन-दोन संध्याकाळी जातात. त्याचे पैसे मी मोकळेपणाने घेतो. एखाद्याला फक्त जागा मोकळी करायची असते, भाव माहीत असूनही तो वस्तू कमीत देतो. तिथेही प्रश्न मिटला.

काकूंचं तसं नव्हतं. त्या कपाट आवरत होत्या. चामडी कव्हरातून कॅमेरा काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. लेन्सच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचली आणि त्याचं मोल माझ्या लक्षात आलं. काकूंनी अगदीच थोडे पैसे सांगितले. म्हणाल्या, “तू आहेस म्हणून देते. बाहेरच्या कुणाला दिला नसता.” मी गप्प बसलो. घरी येऊन आतला अर्धवट वापरलेला रोल काढून टाकला, काच पुसली आणि आठवड्याच्या आत कॅमेरा कितीतरी पटींनी विकला. दुरुस्ती काहीच नव्हती.

महिन्याभराने जिन्यात भेटल्या. “काय रे, यांचा कॅमेरा चालतो ना? माझा एक फोटो काढ की.”

“हो, चालतो,” म्हणालो.

किंमत कमी होती ती ‘तू आहेस म्हणून’. ती माया मी बाजारात नेऊन वटवली होती.

कायद्याकडे बोट दाखवता येतं. १८८५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका बाईंचा दावा आला. त्यांनी एक खडा सराफाला एका डॉलरला विकला होता, तो निघाला सुमारे ७०० डॉलरचा पैलू न पाडलेला हिरा. न्यायालयाने व्यवहार मोडला नाही, कारण तो हिरा आहे हे विकताना दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी अडतो ते ‘दोघांनाही’ या शब्दापाशी. मला तर ठाऊक होतं.

प्राचीन रोममधल्या सिसरो या लेखकाने स्केव्होला नावाच्या रोमन माणसाची हकीकत लिहून ठेवली आहे. जमीन घेताना मालकाने सांगितलेली किंमत त्याला कमी वाटली, म्हणून त्याने आपणहून एक लाख नाणी जास्त दिली. हे भल्या माणसाचं वागणं आहे हे सगळे मान्य करत, पण शहाण्याचं नव्हे म्हणत, असंही सिसरो सांगतो. माझ्या मते ते शहाण्याचंही होतं. ज्याच्या शेजारी राहायचं, त्याच्याशी खोटं बोलायची वेळ त्याने येऊ दिली नाही.

आता मी वस्तू हातात घेण्याआधीच सांगतो, ‘मी ही विकणार आहे, आणि अंदाजे इतक्याला जाईल.’ काहीजण किंमत वाढवतात. काही म्हणतात, असू दे, तूच घे. त्या सौद्याचा नफा मला खुपत नाही.

काकूंकडे शेवटी गेलो, सगळं सांगितलं आणि वरचे पैसे टेबलावर ठेवले. त्यांनी पैशांकडे पाहिलंही नाही.

“आत रोल होता का रे?” त्यांनी विचारलं.